मराठवाड्यात कॉलर्डची भाजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरला घरामागं दीड गुंठा जागा आहे. तिथं गेली काही वर्षं मी कॉलर्ड लावतो. येणारे-जाणारे कुंपणावरून विचारतात, नातेवाईक फोनवर विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. यात मराठवाड्यातला उन्हाळा, काळी माती आणि बोअरचं पाणी गृहीत धरलंय. महाबळेश्वरला राहणाऱ्यांनी आपापलं बघावं.

कॉलर्ड म्हणजे नेमकं काय?

पत्तागोबीची सख्खी बहीण, फक्त गड्डा न धरणारी. पत्तागोबी, फुलगोबी, नवलकोल, ब्रोकोली, केल आणि कॉलर्ड या सगळ्यांची वनस्पतिशास्त्रातली जात एकच: ब्रासिका ओलेरेशिया. माणसानं कुठं शेंड्याची कळी मोठी केली, कुठं खोड फुगवलं, कुठं फुलांचा गुच्छ धरला. कॉलर्डमध्ये फक्त पान वाढवलं. झाड दोन-तीन फूट उंच होतं. पानं सुपासारखी रुंद, निळसर हिरवी असतात आणि वर मेणाचा थर असतो. अळूच्या पानावरून घरंगळतो तसा पाण्याचा थेंब यावरूनही घरंगळतो. हा मेणाचा थर लक्षात ठेवा, फवारणीच्या वेळी तो आडवा येतो.

आपल्या देशात ही भाजी नवी नाही. काश्मीरमध्ये रोजच्या भाताबरोबर जी ‘हाक’ नावाची पालेभाजी खातात ती याच कुळातली. आपल्याकडं ती पोचली नाही एवढंच. आणि नाही, शर्टाच्या कॉलरशी तिचा काही संबंध नाही. ‘कोलवर्ट’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा उच्चार झिजत झिजत कॉलर्ड झाला.

केल आणि कॉलर्ड एकच का?

चुलत भावंडं. केलचं पान बहुधा कुरळं किंवा झालरीचं, कॉलर्डचं सपाट. आपल्यासाठी महत्त्वाचा फरक उन्हाचा आहे. कोबीच्या सगळ्या कुळात ऊन सोसण्यात कॉलर्ड पुढं आहे. कुरळी केल मी दोनदा लावून बघितली. मार्च उजाडला की तिचं तोंड उतरतं, आणि त्या झालरीत मावा असा लपतो की धुऊन निघत नाही.

आपल्याकडं दहिवर पडत नाही. मग ही भाजी गोड लागेल का?

अमेरिकेच्या दक्षिण भागात कॉलर्ड घराघरात खातात. २०११ साली साउथ कॅरोलिना राज्यानं ती आपली अधिकृत भाजीच ठरवली. तिकडची म्हातारी माणसं सांगतात की पहिलं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडल्याशिवाय पान तोडू नये. त्यात तथ्य आहे. थंडी वाढली की झाड साठवलेल्या पिठाची साखर करतं, म्हणजे पेशीतलं पाणी सहजी गोठत नाही. ती साखर आपल्या जिभेला कळते.

आपल्याकडं तेवढी थंडी नाही, पण अगदीच नाही असंही नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर येतो, आणि थंडीची लाट आली की परभणीकडं पाचाच्याही खाली जातो. त्या पाच-सहा आठवड्यांतलं पान वर्षभरातलं सगळ्यात चवदार. ऑक्टोबरमध्ये तोडलेलं पान आणि संक्रांतीच्या आसपास तोडलेलं पान एकाच झाडाचं आहे यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही.

पण थंडी कमी असण्याचा एक फायदा कुणी सांगत नाही, आणि मला तो गोडीपेक्षा मोठा वाटतो. कॉलर्ड मुळात दोन वर्षांचं झाड. पहिल्या वर्षी पानं, मग कडक थंडीचे काही आठवडे, मग फुलं, बी आणि शेवट. कांद्याला डेंगळे येतात ना, तसंच. कॉलर्डला फुलावर यायला दहा अंशांखालचे सलग कितीतरी आठवडे लागतात. ते आपल्याकडं मिळतच नाहीत, त्यामुळं झाड फुलायचं विसरतं आणि पानंच देत राहतं. थंड मुलखात ज्या झाडाला वसंतात उपटून टाकावं लागतं ते इथं वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतं. टिकवायचं मात्र उन्हाळ्यापासून. म्हणजे थंडी कमी पडेल का ही काळजी आपली नाहीच. आपली काळजी मे महिना.

बी कधी टाकायचं?

पोळा झाला की आठवडाभरात बी, आणि दसऱ्याच्या आगंमागं लावणी. पोळ्याच्या अमावस्येपासून दसऱ्यापर्यंत चाळीसेक दिवस होतात, आणि रोपाला चार ते पाच आठवडे लागतात. हिशेब बरोबर बसतो. दिवाळीत झाडं जोम धरतात, वेळ अमावस्येपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षातल्या आमच्याकडच्या शेतातल्या सणापर्यंत, भरात येतात.

उशीर झाला तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावणी चालते. जानेवारीत लावू नका. झाड तयार होईपर्यंत ऊन डोक्यावर येतं.

मृगावर लावायचा मोह होतो. मी पहिल्याच वर्षी केला होता. जुलैत सपाट वाफ्यात साठ रोपं लावली, तीन दिवस झड लागली, आणि चौथ्या दिवशी रोपांच्या जागी नुसत्या काड्या होत्या. जी वाचली त्यांच्या पानांची अळ्यांनी चाळण केली.

काळ्या जमिनीत येतं का?

येतं, पण जमिनीचा स्वभाव ओळखून. काळी माती पावसात फुगते आणि पाणी धरून बसते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्या भेगा मुळं तोडतात. कॉलर्डला ओल आवडते, चिखल नाही.

म्हणून गादीवाफा हवाच. चार फूट रुंद, किमान अर्धा फूट उंच. गुंठ्याला दीडशे ते दोनशे किलो कुजलेलं शेणखत वरच्या थरात मिसळा. ‘कुजलेलं’ हा शब्द मनावर घ्या. उकिरड्यावरचं अर्धं कच्चं खत आणलं तर त्याबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी फुकट येते. माती मोकळी व्हावी म्हणून चार पाट्या वाळू टाकायचा सल्ला मिळतो. तेवढ्या वाळूनं चिकणमातीला काही होत नाही, उलट वाळल्यावर ती आणखी घट्ट बसते. शेणखत, गांडूळखत, पालापाचोळा यांनीच फरक पडतो, तोही दोन-तीन हंगामांनी.

दुसरी गोष्ट चुनखडीची. आपल्या जमिनींचा सामू (पीएच) बहुधा साडेसात ते साडेआठ. कॉलर्डला सहा ते साडेसात आवडतो, पण आठाच्या आसपासही ते तग धरतं. चुनखडीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. युरिया टाकून हा पिवळेपणा जात नाही. चुनखडीचा एक फायदाही आहे. कोबीवर्गातल्या झाडांच्या मुळांना गाठी आणणारा जो बुरशीसारखा सूक्ष्मजीव आम्लधर्मी जमिनीत उच्छाद मांडतो, तो अशा मातीत फारसं डोकं वर काढत नाही.

मुरमाड जमीन असेल तर निचऱ्याची चिंता नाही. खत आणि पाणी मात्र जास्त मागते.

बी कुठं मिळतं? कोणती जात घ्यावी?

कृषी सेवा केंद्रात विचारलंत तर दुकानदार पत्तागोबीचं पाकीट काढून देईल. बी ऑनलाइन मागवावं लागतं. अमेरिकन जातींत ‘जॉर्जिया’ ही जुनी, उंच आणि ऊन सोसणारी. ‘व्हेट्स’ ठेंगणी, कुंडीला बरी. ‘चॅम्पियन’ही चालते. काश्मिरी हाकाचं बी मिळालं तर जरूर लावा. पान मऊ असतं, पण माझ्याकडं ते उन्हाला जॉर्जियापेक्षा लवकर हार मानतं.

पाकिटावरची तारीख बघा. एका वर्षी मी मागवलेल्या पाकिटातून चक्क मोहरी उगवली. तक्रार केली तर उत्तर आलं की रोपं लहान असताना सारखीच दिसतात. दिसतात खरी, पण मोहरीला महिन्यात पिवळी फुलं येतात! तेव्हापासून मी नव्या विक्रेत्याकडून आधी थोडंच बी घेतो. कोरड्या, थंड जागी ठेवलेलं बी चार वर्षं सहज उगवतं. पाकिटात चिमूटभर बी दिसलं म्हणून निराश होऊ नका, एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे दाणे असतात.

रोप कसं तयार करायचं?

ट्रेमध्ये कोकोपीट भरून करा, किंवा उंच गादीवाफ्यावर ओळीत. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल, त्याहून जास्त नाही. चार ते सात दिवसांत उगवतं. भाद्रपदातलं कडक ऊन आणि अधूनमधून येणारी सर, दोन्हींपासून वाचवायला वर बारीक जाळी लावा. जाळीनं फुलपाखरंही अडतात आणि चिमण्याही. कोवळी रोपं चिमण्यांना फार आवडतात.

रोपं मातीलगत कुजून आडवी पडायला लागली तर पाणी जास्त होतंय. पाणी कमी करा, हवा खेळू द्या. पेरण्याआधी कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळलेली असेल तर हा त्रास बराच कमी होतो.

चार-पाच खरी पानं आली की संध्याकाळी लावणी करा, खालच्या पानापर्यंत रोप मातीत जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी ती माना टाकतात. घाबरू नका.

अंतर किती? एका घराला किती झाडं लागतात?

ओळींत दोन फूट, झाडांत दीड फूट. या हिशेबानं गुंठ्यात साडेतीनशेच्या वर रोपं बसतात, पायवाट सोडली तर तीनशे धरा. पण तीनशे झाडांची पानं खाणार कोण? चार माणसांच्या घराला दहा-बारा झाडं पुरून उरतात.

पाणी किती लागतं? टँकरच्या गावात हे परवडतं का?

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आमचं शहर. त्यामुळं हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. दहा-बारा झाडांना ठिबक आणि आच्छादन असेल तर हिवाळ्यात झाडाला एक-दीड लिटर, तेही दिवसाआड, पुरतं. एप्रिल-मेमध्ये रोज दोन लिटरपर्यंत जातं. डाळ-तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी माझ्याकडं इथंच जातं. साबणाचं घालू नका. आणि घरच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी तर नकोच. बोअरचं मूळचं क्षारयुक्त पाणी त्यात आणखी घट्ट झालेलं असतं. मातीवर पांढरी साय दिसायला लागली की समजा, क्षार साठलेत.

आच्छादनाला सोयाबीनचं भुसकट उत्तम. लातूरकडं ते मागायचा अवकाश, लोक पोतं भरून देतात. उसाचं पाचट, ज्वारीचा धसकटासकट चुरा, काहीही चालेल. तीन-चार इंचाचा थर द्या, खोडाला मात्र चिकटवू नका.

पाणी तुटलं की पान कडू होतं आणि चामड्यासारखं लागतं. नेम महत्त्वाचा. चार दिवस कोरडं आणि पाचव्या दिवशी पूर, असं केलं तर चवीबद्दल झाडाला दोष देऊ नका.

खत?

लावणीच्या वेळी शेणखत, मग महिन्यानं दोन मुठी गांडूळखत झाडामागं. पानांसाठी नत्र लागतं. युरिया देणाऱ्यांनी गुंठ्याला अर्धा-पाऊण किलो, दर महिन्याला एकदा द्यावा. जास्त दिला की पानं लुसलुशीत होतात आणि मावा वऱ्हाड घेऊन येतो. मी शेण-गोमूत्राचं जीवामृत देतो, कारण शेजारी गाय आहे.

मे महिन्यात झाड जगतं का?

हा खरा प्रश्न.

नैरोबीला वर्षभर कॉलर्ड पिकतं, दहिवर न पडता. तिकडं त्याला ‘सुकुमा विकी’ म्हणतात, स्वाहिली भाषेत अर्थ ‘आठवडा ढकल’. पगार होईपर्यंत याच भाजीवर दिवस काढायचे. ब्राझीलमध्येही दारोदारी असते. हे वाचून मला वाटलं, मग आपल्याकडं का नाही? पण नैरोबी समुद्रसपाटीपासून १,७०० मीटर उंचावर आहे, तिथं ऊन असतं पण भाजत नाही. आपल्याकडं मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो आणि रात्रीही भिंती गरम असतात. दोन्ही ठिकाणी थंडी नाही म्हणून दोन्ही हवामानं सारखी होत नाहीत.

कॉलर्डला मनापासून आवडतं ते १५ ते २५ अंश तापमान. ३५ च्या वर वाढ मंदावते. चाळिशी ओलांडली की झाड जीव धरून उभं राहतं एवढंच. नवं पान तळहाताएवढं येतं, जाड आणि कडसर.

बहुतेकांना माझा सल्ला असा की मार्चअखेर मोठी पानं तोडून खा, झाडं उपटा, आणि पुढच्या पोळ्याची वाट बघा. यात कमीपणा काही नाही. मेथी तरी आपण मेमध्ये कुठं खातो?

हौस असेल तर सगळ्यात दणकट आठ-दहा झाडं ठेवा. घराच्या पूर्वेची बाजू बघा, म्हणजे दुपारनंतर भिंतीची सावली मिळेल. शेवग्याखालची विरळ सावलीही छान. नाहीतर ५० टक्के सावलीची शेडनेट सहा-सात फूट उंच बांधा आणि बाजू उघड्या ठेवा. खाली बांधलेल्या नेटमध्ये हवा कोंडून झाड शिजतं. मुळं गार राहिली तर झाड वाचतं, म्हणून भुसकटाचा थर दुप्पट करा. पाणी पहाटे. खालची जुनी पानं काढून शेंड्याची सहा-सात ठेवा. एप्रिल-मेमध्ये खत बंद. झोपलेल्याला जेवायला वाढण्यात अर्थ नाही.

मृगाचा पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत शेंड्यातून मऊ पान निघतं. ते बघायला मला आवडतं, म्हणूनच मी दरवर्षी एवढा खटाटोप करतो. माझी एक ओळ दोन पोळे बघून गेली. शेवटी खोड ऊसासारखं लांब झालं होतं आणि त्याला काठीचा आधार द्यावा लागला.

पानांना भोकं पडतात. अळ्यांचं काय करायचं?

कोबीवर्ग म्हटलं की अळ्या आल्याच. तीन ओळखा.

पहिली चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची. हिरवी, सेंटिमीटरभर लांब. बोट लावलं की तडफडते आणि धाग्यावर लोंबकळते. पानाचा हिरवा गर खाते आणि पातळ पापुद्रा मागं ठेवते, खिडकीसारखा. औषधांना न जुमानण्यात हिचा हात कुणी धरणार नाही. डीडीटीला ती दाद देत नाही ही नोंद जावा बेटावर १९५३ सालीच झाली होती. त्यामुळं दुकानात जाऊन ‘कडक काहीतरी द्या’ म्हणणाऱ्याचे पैसे बहुधा वाया जातात.

दुसरी तंबाखूवरची पानं खाणारी अळी. तीच आपल्या सोयाबीनवर येते, त्यामुळं शेताजवळ बाग असेल तर सप्टेंबरमध्ये तयारीत राहा. तिचा पतंग पानाखाली पुंजक्यानं अंडी घालतो, वर भुरकट लव असते. ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की शंभर-दोनशे अळ्यांचं काम एका मिनिटात संपतं. यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

तिसरा मावा, तो अळी नव्हे. जानेवारी-फेब्रुवारीत ढगाळ हवा आली की शेंड्यात राखाडी थर बसतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पाडा. ढालकिडे दिसले तर त्यांना हात लावू नका, ते मावा खातात.

मी काय करतो ते सांगतो. कॉलर्डच्या लावणीआधी पंधरा दिवस कडेनं मोहरीची एक ओळ पेरतो, आणि लावणीनंतर साधारण पंचवीस दिवसांनी दुसरी. पत्तागोबीसाठी हीच पद्धत सांगतात, पंचवीस ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी. पतंग आधी मोहरीवर जातो. त्या मोहरीवर फवारणी करायची, नाहीतर आपण किडीसाठी खानावळच उघडली असं होतं.

फवारणीला पाच टक्के निंबोळी अर्क. १० लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची आणि २० ग्रॅम कपड्याच्या साबणाचा चुरा घालायचा. साबण विसरलात तर मेणचट पानावरून सगळा अर्क खाली. पानाच्या खालच्या बाजूलाही फवारा. अळ्या जास्त असतील तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिसची पावडर संध्याकाळी मारा, उन्हात ती टिकत नाही. ही भाजी आपण दर आठवड्याला पान तोडून खातो. रासायनिक औषध मारलं तर तोडणीआधी थांबायचे डब्यावर लिहिलेले दिवस पाळावे लागतात, आणि आठवड्याला तोडणाऱ्यानं ते कसे पाळायचे? म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

पानाच्या कडेपासून आत पिवळा त्रिकोण येतोय आणि शिरा काळ्या पडल्यात. काय झालंय?

घाण्या रोग. जिवाणूचा आहे, बियाण्यातून आणि पाण्याच्या शिंतोड्यांतून पसरतो. झाड उपटून लांब टाका, कंपोस्टमध्ये नको. पानांवर पाणी मारू नका. त्या जागी दोन वर्षं पत्तागोबी, फुलगोबी, मोहरी, मुळा यातलं काही घेऊ नका. बियाण्याबद्दल शंका असेल तर ५० अंश तापलेल्या पाण्यात २० मिनिटं ठेवून लगेच गार करून वाळवा. थर्मामीटरशिवाय हे करू नका, बी शिजतं.

पानं कधी आणि कशी तोडायची?

लावणीनंतर सहा-सात आठवड्यांनी. नेहमी खालून वर. आठवड्याला झाडामागं दोन-तीन पानं, देठ खाली दाबून तोडायची. शेंडा आणि वरची पाच-सहा पानं तशीच ठेवायची. शेंडा मोडला तर बगलेतून फुटवे फुटतात, झाड मरत नाही, पण पानं बारीक येतात.

वीतभर पान सगळ्यात चांगलं. सुपाएवढं झाल्यावर शेजाऱ्यांना दाखवायला बरं, खायला नाही. सकाळी तोडा, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, चार-पाच दिवस टिकतं.

घरचं बी धरता येतं का?

नाही. फूलच येत नाही तर बी कुठून येणार? पण ब्राझीलमध्ये करतात ती युक्ती करा. जुन्या झाडाच्या बगलेत फुटवे येतात. बोटाएवढा फुटवा हातानं तोडून, खालची पानं काढून, सावलीत ओल्या कोकोपीटमध्ये खोचा. तीनेक आठवड्यांत मुळं धरतो. ऑगस्टअखेर हे केलं तर जुन्या झाडाचंच नवं रोप दसऱ्याला तयार असतं, बियाण्याचा खर्च शून्य. उन्हाळ्यात आठ-दहा झाडं जगवण्याचं खरं कारण हेच. मात्र रोगट झाडाचा फुटवा घेऊ नका, रोगही बरोबर येतो.

गच्चीवर कुंडीत?

येतं. १५ इंची पिशवी, एका पिशवीत एकच झाड. माती, शेणखत, कोकोपीट जवळजवळ सारखं. फेब्रुवारीनंतर सिमेंटची गच्ची तव्यासारखी तापते, तेव्हा पिशव्या विटांवर उचलून ठेवा.

खायचं कसं?

आमच्याकडं पहिल्या वर्षी आईनं पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, “शेळीला घाल की.” आता तीच विचारते, या वर्षी किती लावलंस.

रोजची पद्धत सोपी. मधला जाड देठ काढा, पानं एकावर एक ठेवून विडीसारखी गुंडाळी करा आणि केसासारखी बारीक चिरा. शेंगदाण्याच्या तेलात भरपूर लसूण, हिरवी मिरची, मग भाजी, वरून मीठ. तीन-चार मिनिटं, झाकण नाही. शेवटी शेंगदाण्याचं कूट. ज्वारीच्या भाकरीबरोबर याला तोड नाही. झाकण ठेवून फार वेळ शिजवलं की पत्तागोबीसारखा उग्र वास सुटतो. अमेरिकेत मात्र तासन्‌तास मंद आचेवर शिजवतात, आणि १ जानेवारीला चवळीबरोबर खातात, वर्षभर पैसा येतो म्हणून. चवळीच्या उसळीत टाकून बघितलं. चव छान, पैशाचं अजून काही कळलं नाही.

मुगाच्या डाळीत घालून डाळभाजी होते. पण खरी मजा वड्यांची. पान अळूपेक्षा ताठ असतं, म्हणून आधी मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून काढा आणि मधली शीर लाटण्यानं दाबा. मग नेहमीसारखं बेसन, चिंच, गूळ, तीळ, ओवा. पंधरा-वीस मिनिटं वाफवा, काप करून तळा. अळूसारखी घशाला खाज येत नाही, कारण ती खाज ज्या ऑक्झलेटच्या स्फटिकांची असते ते यात जवळपास नाहीतच.

वेळ अमावस्येच्या भज्जीत मी दोन वर्षांपूर्वी मूठभर पानं चिरून टाकली. ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे, पावट्याचे दाणे, चिंच, डाळीचं पीठ, आणि त्यात ही परदेशी पाहुणी. आत्याच्या नजरेतून सुटलं नाही. “भज्जीत काय घातलंस रे?” म्हणाली. मी म्हटलं, “मेथी कमी पडली होती.” तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि विषय तिथंच संपला.

तब्येतीला कशी? कुणी जपून खावी?

१०० ग्रॅम कच्च्या पानात २३० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेटमध्ये अडकतं, यातलं अंगी लागतं. के जीवनसत्त्व तर इतकं असतं की १०० ग्रॅममध्ये दिवसाच्या गरजेच्या तिप्पट-चौपट भरतं. म्हणूनच रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही भाजी एकदम सुरू करू नये, किंवा खात असाल तर एकदम बंदही करू नये. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी कच्ची खाण्यापेक्षा शिजवून, बेतानं खावी.

उरलेली पानं जनावरांना चालतात का?

चालतात, थोडी. शेळ्या तुटून पडतात. पण कोबीवर्गातला पाला रोज पोटभर घातला तर जनावराचं रक्त कमी होतं, आणि दुधाला वास येतो. कडब्याबरोबर मूठ-दोन मुठी ठीक.

विकायला एक एकर लावू का?

नका लावू. हे मी फोनवर निदान दहा जणांना सांगितलंय. मी एकदा दहा जुड्या मंडईत ओळखीच्या मावशींकडं ठेवल्या होत्या. गिऱ्हाईक यायचं, पान उचलायचं आणि विचारायचं, “याचा गड्डा कुठंय?” संध्याकाळी मावशींनी आठ जुड्या परत दिल्या, एक घरी नेली आणि एक कुणीतरी खरंच विकत घेतली. छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या मोठ्या हॉटेलला लागत असेल तर आधी बोलणी करा, किती किलो आणि कोणत्या वारी ते ठरवा, मग गुंठाभर लावा. मावशींनी मात्र पुढच्या आठवड्यात स्वतःसाठी चार रोपं मागून नेली.